स्नायूला वीज दिल्यावर त्वचा का तापते आणि रक्त कुठे जाते

गुडघेदुखी, पाठदुखी किंवा शस्त्रक्रियेनंतरचा अशक्तपणा यांसाठी फोंडा, म्हापसा, मडगावच्या फिजिओथेरपी केंद्रांत जाणाऱ्या रुग्णांच्या मांडीवर किंवा पोटरीवर चिकट पॅड लावून त्यांना करंट दिला जातो. वीसेक मिनिटांनी पॅड सोलून काढले की त्यांच्याखाली नेमका पॅडच्याच आकाराचा लालसर चौकोन उमटलेला असतो आणि तिथली कातडी हाताला कोमट लागते. विजेने आतून शेक मिळाला, रक्त खेळू लागले, असे समाधान घेऊन रुग्ण घरी परततो. या समजुतीत तथ्य आहे, पण ते जिथे शोधले जाते तिथे नाही. कातडीचा कोमटपणा आणि आतल्या स्नायूतला रक्तप्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या कधी एकत्र वाढतात, कधी एक वाढते आणि दुसरी जागची हलत नाही, आणि मधुमेही माणसाच्या पायात तर त्या एकमेकींच्या उलटही जाऊ शकतात.

स्नायू-उत्तेजक यंत्रातून निघणारी वीज सलग वाहत नाही. ती अतिशय आखूड स्पंदांच्या रूपात येते. एक स्पंद साधारण २०० ते ४०० मायक्रोसेकंद टिकतो, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ. हा स्पंद त्वचेतून आत शिरला की तो स्नायूच्या पेशींना सहसा थेट हलवत नाही, तर त्या स्नायूकडे जाणाऱ्या चेतातंतूंना जागे करतो, कारण चेतातंतूला जागे करण्यासाठी फार थोडा विद्युतभार पुरतो. मेंदूकडून आदेश यावा तसाच संदेश मग त्या तंतूंवरून स्नायूपर्यंत जातो आणि स्नायू आकुंचन पावतो. सेकंदाला एकदोन स्पंद दिले तर स्नायू नुसता उडतो. ३० ते ५० स्पंद दिले तर त्या उड्या एकमेकींत मिसळून स्नायू घट्ट आवळला जातो. मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला आणि त्या तत्त्वावर चालणाऱ्या उपकरणांनी एकोणिसाव्या शतकातच डॉक्टर रुग्णांचे स्नायू हलवू लागले. म्हणूनच या प्रकारच्या करंटला आजही फॅराडिक करंट म्हणतात.

त्याच आकाराच्या डबीतून, तसेच पॅड लावून, टेन्स नावाचा दुसरा उपचारही दिला जातो. टेन्सचा मुख्य हेतू वेदना कमी करणे हा असल्यामुळे त्यात वीज बहुधा इतकीच ठेवतात की नुसत्या मुंग्या जाणवाव्यात, स्नायू हलू नये. रुग्णाला दोन्ही करंटच वाटतात. रक्तप्रवाहाच्या दृष्टीने मात्र या दोघांतला फरक निर्णायक आहे आणि पुढचा सगळा विषय त्याच फरकाभोवती फिरतो.

आधी एक शंका दूर करू. तारेतून वीज गेली की तार तापते, मग शरीरातून वीज गेल्यावर शरीरही तापतेच ना? तापते, पण किती, ते मोजून पाहण्यासारखे आहे. समजा, यंत्र ५० मिलिअँपिअरचे स्पंद देत आहे, प्रत्येक स्पंदाचे दोन्ही भाग (एक सुलट, एक उलट दिशेचा) मिळून तो ६०० मायक्रोसेकंद टिकतो, सेकंदाला असे ३५ स्पंद येतात आणि पॅड, त्वचा व आतल्या ऊती मिळून रोध सुमारे १,००० ओहम आहे. प्रत्यक्ष वीज वाहण्याचा वेळ सेकंदाच्या जेमतेम २ टक्के भरतो आणि सरासरी उष्णता निघते ०.०५ वॅट. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे शरीर स्वतःहून ८० ते १०० वॅट उष्णता सतत बाहेर टाकत असते. तेव्हा विजेच्या रोधातून निर्माण झालेली ही उष्णता कातडी कोमट करण्यास अजिबात पुरेशी नाही. वैद्यकीय उपचारात खरोखर खोलवर उष्णता द्यायची असते तेव्हा शॉर्टवेव्ह डायथर्मीसारखे अगदी वेगळे, कोट्यवधी हर्ट्झ वारंवारतेचे यंत्र वापरतात. त्यात स्नायू हलत नाही, ऊती मात्र तापतात.

खरी उष्णता स्नायू निर्माण करतो. आकुंचनासाठी स्नायू जी ऊर्जा खर्च करतो तिच्यातली फार तर पाचवा ते चौथा हिस्सा प्रत्यक्ष कामात येते आणि उरलेली उष्णतेत जाते. पाय न हलता नुसता आवळला जात असेल, तर बाहेर काम असे काहीच होत नाही आणि जवळजवळ सगळीच ऊर्जा उष्णता बनते. एक लिटर प्राणवायू वापरला गेला की सुमारे २० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते, हा शरीरशास्त्रातला ठोकताळा घेऊन हिशेब करता येतो. मांडीच्या पुढच्या स्नायूंनी विजेच्या उत्तेजनामुळे मिनिटाला ५० मिलिलिटर प्राणवायू जास्त वापरला असे धरले, तर १ किलोज्यूल प्रतिमिनिट, म्हणजे सुमारे १७ वॅट उष्णता तयार होईल. विजेच्या थेट उष्णतेच्या ही तीनशेपट भरते. दोन किलो वजनाच्या स्नायूत ही उष्णता साठून राहिली, तर दहा मिनिटांत त्याचे तापमान अंशाहून अधिक चढेल. ती तशी साठून राहत नाही, कारण रक्त ती उचलून नेत असते.

रक्ताची गोष्ट इथून सुरू होते. विश्रांतीच्या वेळी स्नायूला दर १०० ग्रॅममागे मिनिटाला अवघे ३-४ मिलिलिटर रक्त मिळते. जोरदार व्यायामात हेच प्रमाण वीस पटींहूनही वर जाऊ शकते. विजेच्या उत्तेजनातली वाढ यापेक्षा बरीच कमी असते, पण वाढीची कारणे तीच असतात. काम करणाऱ्या स्नायूतून पोटॅशियम, कार्बन डायऑक्साइड, अॅडेनोसिन, आम्ल अशा गोष्टी बाहेर पडतात आणि त्या लगतच्या सूक्ष्म धमन्यांच्या भिंती सैल करतात. प्रवाह वाढला की त्याच्या घासण्याने धमनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटते आणि धमनी आणखी रुंदावते. ही सारी यंत्रणा स्थानिक आहे: ज्या स्नायूने काम केले, त्याला रक्त मिळते. मेंदूने आदेश दिला की यंत्राने, हे त्या धमनीला ठाऊक नसते.

परतीच्या वाटेचे काम वेगळ्या रीतीने होते. पोटरीतल्या खोल शिरांमधले रक्त गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध वर चढायचे असते आणि त्यासाठी शिरांमध्ये एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. गोव्यातल्या खाजन शेतीच्या बांधांवर मानशीची लाकडी दारे असतात. ओहोटीला आतले पाणी त्यांना ढकलून नदीत जाते आणि भरती आली की त्याच पाण्याच्या दाबाने ती मिटतात, खारे पाणी शेतात शिरू देत नाहीत. शिरांच्या झडपा अशाच चालतात. पोटरीचा स्नायू आवळला की शिरेतले रक्त वर ढकलले जाते, सैल पडला की झडपा मिटून ते खाली परतू देत नाहीत आणि रिकामी झालेली शीर खालून नवे रक्त ओढून घेते. म्हणून शिरांतला प्रवाह वाढवायचा असेल तेव्हा स्नायू सतत आवळून धरणारा करंट उपयोगाचा नाही. मधे पुरेशी सैल वेळ ठेवून, सेकंदाला एकदोनदा पाय उडवणारा करंट अधिक योग्य ठरतो. पोटरीवर असा करंट सुरू असताना जवळून पाहिले तर पायाची बोटे तालात हलताना दिसतात आणि घोट्यामागची शीर प्रत्येक झटक्याबरोबर ठळक-पुसट होते. याच तत्त्वावर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, खाली, जिथे चेतातंतू त्वचेच्या अगदी जवळ असतो, तिथे चिकटवायचे एक छोटे उपकरण तयार झाले आहे. सेकंदाला एक स्पंद देणाऱ्या या उपकरणाची शिफारस कोणते उपचार वापरावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१४ मध्ये केली. ज्या रुग्णांना रक्ताची गुठळी होण्याचा धोका मोठा आहे, पण त्यासाठीची औषधे वा दाबाचे मोजे वापरता येत नाहीत, अशांसाठी ती आहे.

धमनीच्या बाबतीत आकुंचनाचा एक उलटा परिणाम मात्र ध्यानात ठेवायला हवा. स्नायू जोराने आवळला जातो तेव्हा आतला दाब इतका वाढतो की धमन्या स्वतःच दबतात आणि तेवढ्या काळापुरता प्रवाह घटतो. आकुंचन सुटले की साचलेली मागणी एकदम पुरी करायला रक्ताचा लोंढा येतो. करंटमध्ये दहा सेकंद चालू आणि त्याहून बराच जास्त वेळ बंद असे चक्र ठेवतात, ते केवळ रुग्णाला उसंत मिळावी म्हणून नव्हे. त्या बंद काळातच स्नायूला रक्त मिळत असते. विजेने केलेल्या आकुंचनात आणखी एक अडचण असते. आपण स्वतः पाय उचलतो तेव्हा मेंदू स्नायूच्या गटांना आळीपाळीने कामाला लावतो. यंत्र तसे करीत नाही. पॅडखालचे तेच ते तंतू प्रत्येक स्पंदाला एकाच वेळी पेटतात. त्यामुळे तेवढ्याच बळासाठी जास्त प्राणवायू लागतो आणि स्नायू लवकर थकतो. मिळणारा रक्तप्रवाहही स्नायूभर सारखा नसतो, पॅडजवळच्या भागात अधिक असतो.

आता त्वचेकडे वळू. त्वचेच्या रक्तवाहिन्यांचा कारभार स्नायूच्या रक्तवाहिन्यांहून वेगळा चालतो. स्नायूला रक्त हवे असते ते प्राणवायूसाठी. त्वचेला प्राणवायू फारच थोडा लागतो, तिच्याकडे जाणारे रक्त मुख्यतः शरीराची उष्णता बाहेर टाकण्यासाठी असते. आरामदायक हवेत संपूर्ण त्वचेतून मिनिटाला पाव ते अर्धा लिटर रक्त वाहते, तर कडक उष्म्यात हा प्रवाह ६ ते ८ लिटरपर्यंत जाऊ शकतो. हा बदल मेंदूतले तापमान-केंद्र घडवते, मांडीतल्या स्नायूची स्थिती नव्हे. व्यायाम सुरू होताच शरीर आधी त्वचेच्या वाहिन्या आवळते, रक्त स्नायूंकडे वळवते. म्हणून पहिल्या काही मिनिटांत त्वचेचे तापमान चढण्याऐवजी थोडे उतरलेलेही आढळते. करंट बोचरा किंवा अनपेक्षितपणे जोराचा असेल तर दचकल्यामुळे हातापायांच्या बोटांतल्या वाहिन्या आकसतात. मांडीचा स्नायू तापत असतो आणि बोटे गार पडतात, असे दृश्य त्यामुळे दिसू शकते.

स्नायूतली उष्णता कातडीपर्यंत यायला वेळ लागतो. मध्ये चरबीचा थर असतो आणि चरबीतून उष्णता स्नायूच्या मानाने साधारण निम्म्याच वेगाने पुढे सरकते. बारीक अंगाच्या फुटबॉलपटूच्या पोटरीवर जो बदल काही मिनिटांत दिसेल, तोच जाड थर असलेल्या मांडीवर उपचार संपल्यावरही दिसेलच असे नाही. या दुसऱ्या व्यक्तीच्या स्नायूला रक्त कमी मिळाले, असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही. थर्मल कॅमेऱ्याने काढलेल्या रंगीत चित्रांवरून एखाद्या यंत्राची जाहिरात केलेली दिसली, तर एवढे जरूर आठवावे की हा कॅमेरा केवळ कातडीचा पृष्ठभाग पाहतो.

आणि तो लाल चौकोन? तो बहुतांशी कातडीपुरताच असतो. पॅडखालच्या चिकट थराने घामाचे बाष्पीभवन थांबवलेले असते, त्यामुळे तिथली त्वचा झाकल्यामुळेच थोडी गरम होते. पॅड सोलताना ताण बसतो. शिवाय करंटने त्वचेतले संवेदी तंतू उत्तेजित होतात, त्यांच्या टोकांतून वाहिन्या रुंदावणारी द्रव्ये सुटतात आणि तेवढ्या भागात लाली येते. करंट बंद असलेला पॅड तितकाच वेळ लावून ठेवला आणि काढला, तरी फिकट का होईना, चौकोन उमटतो. एकाच दिशेने वाहणारा जुन्या पद्धतीचा गॅल्व्हॅनिक करंट असेल तर मामला अधिक गंभीर होतो, कारण त्यात धन टोकाखाली आम्ल आणि ऋण टोकाखाली अल्क साचते आणि कातडी रासायनिक रीतीने भाजू शकते. आजच्या बहुतेक यंत्रांत प्रत्येक स्पंदाचा दुसरा भाग उलट दिशेने जातो, तो हा साठा होऊ नये म्हणूनच.

म्हणजे नुसत्या मुंग्या आणणाऱ्या टेन्सने रक्तप्रवाह वाढतो का? आजवरच्या अभ्यासांचा एकूण कल पाहता, स्नायू न हलवणाऱ्या तीव्रतेला प्रवाहात फारसा बदल दिसत नाही, आणि स्नायू उडू लागला की तो दिसू लागतो. अभ्यासांचे निकाल कधी कधी परस्परविरुद्ध वाटतात, त्याचे एक कारण मोजण्याच्या साधनांत आहे. लेझर डॉप्लर हे साधन त्वचेच्या वरच्या एखाद्या मिलिमीटरमधले रक्त मोजते, अल्ट्रासाउंड डॉप्लर मांडीच्या मोठ्या धमनीतला एकूण प्रवाह मोजतो आणि थर्मल कॅमेरा पृष्ठभागाचे तापमान. तिघांचीही नोंद रक्ताभिसरण याच शीर्षकाखाली छापली जाते.

गोव्याच्या हवेत हे मोजमाप आणखी नाजूक होते. उघड्या त्वचेचे तापमान आरामदायक खोलीत ३२ ते ३४ अंश सेल्सिअस असते. मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात, हवेत दमटपणा भरलेला असताना, घाम नुसता ओघळतो, वाळत नाही, त्वचेच्या वाहिन्या आधीच पूर्ण उघडलेल्या असतात आणि कातडी ३५ अंशांच्या आसपास असते. तिथून वर चढायला फारशी जागा उरलेली नसते. भर दुपारी स्कूटरवरून आलेला रुग्ण थेट वातानुकूलित खोलीत आडवा झाला, तर पुढची पंधरावीस मिनिटे त्याची कातडी करंट असो वा नसो, निवतच राहणार. म्हणून ज्याला प्रामाणिकपणे फरक पाहायचा आहे, त्याने रुग्णाला आधी तेवढा वेळ स्वस्थ बसू द्यावे आणि दुसऱ्या, करंट न दिलेल्या पायाचे तापमानही त्याच वेळी घ्यावे. दोन्ही पाय सारखेच तापले वा निवले, तर तो खोलीचा परिणाम आहे. इतकी साधी काळजी न घेता दाखवलेल्या आकड्यांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

ज्यांना स्वतःहून स्नायू हलवता येत नाही, त्यांच्या बाबतीत या उपचाराचे मोल सर्वांत स्पष्ट दिसते. मज्जारज्जूला इजा होऊन पाय लुळे पडले की काही आठवड्यांतच मांडीची मुख्य धमनी अरुंद होऊ लागते, कारण तिच्यातून नेण्यासारखे रक्तच उरत नाही. विजेने पाय हलवून पेडल मारायला लावणारी सायकल नियमित वापरली, तर ही धमनी पुन्हा रुंदावते आणि तिच्यातला प्रवाह वाढतो. मात्र इजेच्या पातळीखाली घाम आणणारे आणि त्वचेच्या वाहिन्या उघडणारे आदेश पोहोचत नसल्यामुळे स्नायूने निर्माण केलेली उष्णता सहज बाहेर पडत नाही. अशा रुग्णाचा उपचार गार खोलीतच व्हायला हवा.

उष्णतेचाच प्रश्न आहे म्हणून व्यायामशाळांतल्या ईएमएस, म्हणजे विजेने स्नायू आवळणाऱ्या, पोशाखाबद्दलही सांगतो. हा ओलसर पोशाख अंगभर पॅड लावतो आणि अनेक मोठे स्नायू एकदम आवळतो. पहिल्याच वेळी तीव्रता फार ठेवली तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतली द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. असे रुग्ण वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत. उकाड्यात, शरीरातले पाणी कमी झालेले असताना हा धोका वाढतो. दुसऱ्या दिवशी लघवी गडद तपकिरी झाली, तर घरी न थांबता रुग्णालय गाठावे.

पेसमेकर बसवलेल्यांनी, पायात रक्ताची ताजी गुठळी असलेल्यांनी आणि कर्करोगाची गाठ असलेल्या जागेवर हा करंट घेऊ नये, गरोदरपणात पोट व कंबर यांवर आणि कोणीही गळ्याच्या पुढच्या बाजूला तो लावू नये, हे बहुतेक केंद्रांत विचारले जाते. पायाच्या धमन्या अरुंद झालेल्यांची अडचण मात्र वेगळी आहे. करंटने स्नायूची मागणी वाढते, पण अरुंद धमनी जास्त रक्त देऊ शकत नाही, आणि चालताना पोटरी भरून येते तशीच कळ पडल्यापडल्या येते.

गोव्यात सर्वांत अधिक लक्ष द्यावे लागते ते मधुमेहाकडे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पाहिले तर मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात आढळले, २६.४ टक्के. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांची संवेदना मंदावते, त्यामुळे करंट किती जोराचा आहे, पॅडखाली कातडी भाजते आहे की काय, हे रुग्णाला कळतच नाही. त्याच वेळी त्वचेच्या वाहिन्या आवळून धरणाऱ्या स्वायत्त चेतातंतूंचाही ऱ्हास झालेला असतो. मग तळव्यातल्या धमन्या व शिरा यांना थेट जोडणाऱ्या वाटा उघड्याच राहतात, रक्त ऊतींना पोसणाऱ्या केशवाहिन्यांना वळसा घालून परत फिरते आणि पाऊल स्पर्शाला छान उबदार लागते. अशा पावलाला करंटनंतर हात लावून रक्त चांगले खेळते आहे असे ठरवणे धोक्याचे आहे. या रुग्णांत तापमानाचा खरा उपयोग वेगळाच आहे: दोन्ही पावलांवरच्या समान जागांचे तापमान रोज मोजून त्यांत सुमारे २.२ अंश सेल्सिअसहून अधिक फरक राहू लागला, तर गरम असलेल्या जागी आत सूज धरत आहे आणि तिथे जखम होऊ शकते, असे समजतात. तसा फरक दिसला तर त्या पायावर पॅड लावू नयेत, चालणे कमी करावे आणि पाऊल आधी डॉक्टरांना दाखवावे.